खूण केलीये तिथे सही करा

बँकेच्या काउंटरच्या ज्या बाजूला नशीब माणसाला बसवतं, त्याच बाजूला त्याने जन्म काढावा, असं माझं आता ठाम मत झालं आहे. मी वीस वर्षं आतल्या बाजूला सुखाने बसलो होतो. पूर्वी आम्हाला कारकून म्हणत. २०२४ सालच्या वेतनकरारानंतर आम्ही ‘कस्टमर सर्व्हिस असोसिएट’ झालो. नाव लांबलं, खुर्ची तीच राहिली. यातली आठ वर्षं माझी कर्जखात्यात गेली, आणि त्या आठ वर्षांत घरासाठी कर्ज घ्यायला आलेल्या हजारभर माणसांना तरी मी एकच वाक्य ऐकवलं असेल : “खूण केलीये तिथे सही करा.”

पेन्सिलीने मी बारीक फुली मारायचो, आणि फुली दिसेल तिथे माणूस सही करायचा. एखादा चिकित्सक मास्तर मधेच चष्मा पुसत विचारायचा, “पण यात लिहिलंय काय?” मंगलाष्टकं चालू असताना नवरदेवाने त्यांचा अर्थ विचारावा, तसं मी त्याच्याकडे बघायचो आणि म्हणायचो, “काही नाही हो, नेहमीचंच आहे.” मास्तर ओशाळून सही करायचे.

या पापाची फळं मला बेळगावात मिळाली.

त्याचं असं झालं, आमचे साडू बेळगावचे. टिळकवाडीत त्यांचं घर आहे, आणि जगातली प्रत्येक चांगली गोष्ट टिळकवाडीपासून चालत दहा मिनिटांवर असते, अशी त्यांची श्रद्धा आहे. २०२० च्या दिवाळीनंतर त्यांचा फोन आला. “साडभाऊ, इकडं एक फ्लॅट हाय बघा. दोन खोल्या, हॉल, किचन. छत्तीस लाख. घ्या आणि भाड्यानं द्या. भाडेकरू हप्ता भरतोय, घर तुमचं होतंय. तुम्ही नुसतं महिन्याला यायचं, कुंदा खायचा आणि परत जायचं.”

कोल्हापूर ते बेळगाव एकशेदहा किलोमीटर. मधे राज्याची हद्द असली तरी जेवणात फारसा फरक पडत नाही. तेव्हा मी बेचाळीस वर्षांचा होतो. या वयात माणसाला दोन गोष्टींची घाई होते : पोट कमी करण्याची आणि मालमत्ता वाढवण्याची. पहिली जमत नाही, म्हणून तो दुसरीच्या मागे लागतो.

रात्री जेवण झाल्यावर मी एका जुन्या व्हाउचरच्या पाठीवर हिशेब मांडला. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे, त्यामुळे मला हवं ते उत्तर येईपर्यंत हिशेब मांडता येतो. रिझर्व्ह बँक ज्या दराने इतर बँकांना पैसे देते तो रेपो दर २०२० च्या मे महिन्यापासून चार टक्क्यांवर निवांत झोपला होता. ऑक्टोबर २०१९ पासून घरांची नवी तरत्या दराची कर्जं अशा बाहेरच्या दराला बांधलेली असतात, बहुतेक ठिकाणी रेपोलाच. बाकीची भर बँक घालते. सगळं मिळून मला सात टक्के पडत होते. नोकरीतल्या सवलतीचं कर्ज मी कोल्हापूरच्या राहत्या घरावर आधीच घेतलं होतं. त्यामुळे या दुसऱ्या घराला मी बँकेचा जावई नव्हतो, चारचौघांसारखा गिऱ्हाईक होतो.

“अहो, भाडं किती येईल?” हिने विचारलं.

“साडेदहा हजार.”

“आणि हप्ता?”

“तो मुद्दा वेगळा आहे,” मी म्हणालो. मुद्दा वेगळा नव्हता. तोच मुद्दा होता.

कर्ज आपल्याच बँकेतून घ्यायचं ठरवलं. त्या बँकेचं नाव सांगत नाही, कारण पगार अजून तिथूनच येतो. कोल्हापूरच्या शाखेने सांगितलं, मालमत्ता बेळगावात आहे, तेव्हा फाइल बेळगावच्या शाखेत जाईल. मालकीहक्काचा शोध तिथला वकील घेणार, किंमत तिथला मूल्यांकनकार ठरवणार. बेळगावच्या शाखेने सांगितलं, उत्पन्न कोल्हापुरात आहे, तेव्हा पगाराची आणि पत्त्याची खातरजमा कोल्हापूर करणार. सीमाप्रश्नावर मी काही बोलत नाही. तो २००४ सालापासून सर्वोच्च न्यायालयात आहे. पण माझी फाइल निपाणीच्या आसपास कुठेतरी महिनाभर उभी होती, एवढं खरं.

मग मूल्यांकनकार आले. त्यांनी भिंतीवर टकटक केलं, गच्चीत जाऊन आभाळाकडे पाहिलं आणि घराची किंमत साडेबत्तीस लाख लावली. आमचा व्यवहार छत्तीसचा होता. अशा वेळी बँक दोन्हींतला लहान आकडा धरते आणि त्याच्या ऐंशी टक्के देते. म्हणजे सव्वीस लाख. हा नियम मी स्वतः शेकडो लोकांना हसतमुखाने समजावून सांगितला होता. तो समजून घेणाऱ्याचं तोंड कसं होतं ते मला त्या दिवशी आरशात दिसलं. वर मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च बँक घराच्या किमतीत धरत नाही, तो आपल्या खिशातला. सगळी बेरीज करता बारा लाख कमी पडत होते.

सहा लाख मुलीच्या कॉलेजसाठी ठेवलेल्या ठेवीतून आले. साडेतीन लाख भविष्यनिर्वाह निधीतून आले, म्हणजे भविष्याचा निर्वाह आजच उरकला. उरले अडीच लाख. ही काही न बोलता आत गेली आणि पाटल्या-तोड्यांचा डबा घेऊन आली. आठ तोळे. त्यातल्या पाटल्या तिच्या आईच्या.

“सहा महिन्यांत सोडवतो,” मी म्हणालो.

“मी विचारलं का?” ती म्हणाली. न विचारलेला प्रश्न हा सगळ्यांत जास्त व्याजाचा असतो, हे मला तेव्हा कळलं नाही.

खरेदीखत २०२१ च्या मार्च महिन्यात झालं. तेव्हा महाराष्ट्रातून कर्नाटकात शिरायचं तर करोनाची चाचणी करून, ‘निगेटिव्ह’ असल्याचा दाखला न्यावा लागायचा. कोगनोळीच्या नाक्यावर पोलिसाने तो दाखला उलटासुलटा करून पाहिला. मी घर घ्यायला चाललोय, असं अभिमानाने सांगितल्यावर त्याने माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिलं, की आजार निराळाच असावा.

आता कागद. कर्नाटकात मालमत्तेवर आधीचा बोजा आहे की नाही याचा दाखला मिळतो. व्यवहार झालेले असले तर तो पंधरा नंबरच्या नमुन्यात, काहीच नसेल तर सोळा नंबरच्या. शिवाय नगरपालिकेच्या दप्तरातला खात्याचा उतारा, घरपट्टीच्या पावत्या आणि मुख्य म्हणजे खरेदीखत. सगळं कन्नडमध्ये. माझं कन्नड ‘ऊटा आयता?’ म्हणजे ‘जेवण झालं का?’ इथे सुरू होतं आणि तिथेच संपतं. छत्तीस लाखांच्या दस्तात जेवणाचा उल्लेख कुठे नव्हता.

दस्त लिहिणाऱ्याने पेन्सिलीने बारीक फुल्या मारल्या, कागद माझ्यापुढे सरकवले आणि म्हणाला, “इल्ली सही माडी.”

अर्थ सांगायची गरज नव्हती. हे वाक्य कुठल्याही भाषेत मी ओळखलं असतं.

मी साडूंकडे वळलो. त्यांना कन्नड मातृभाषेसारखं येतं. “यात लिहिलंय काय?”

साडूंनी दोन पानं उलटली आणि म्हणाले, “काही नाही हो साडभाऊ, नेहमीचंच हाय.”

मी ओशाळून सही केली. चष्मा पुसणारे ते मास्तर डोळ्यांपुढे उभे राहिले. त्यांचा पत्ता असता तर मी त्यांना एक कार्ड टाकलं असतं.

कर्जाचे कागद मात्र इंग्रजीत होते. म्हणून भरपाई म्हणून ते तरी वाचू म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा वाचले. बेळगाव शाखेतली तरुण अधिकारी मुलगी थोडा वेळ थांबली, घड्याळाकडे पाहिलं आणि आपुलकीने म्हणाली, “सर, तुम्ही आपल्यातलेच ना? मग वाचताय काय?”

अकराव्या पानावर एक कलम होतं. व्याजाचा दर बदलला तर बँक हप्ता वाढवू शकेल किंवा मुदत वाढवू शकेल. हे कलम मी हजार माणसांच्या पुढ्यात सरकवलं होतं. त्याचा अर्थ मला दोन वर्षांनी कळायचा होता.

हप्ता बसला एकवीस हजार दोनशे, मुदत अठरा वर्षं, म्हणजे माझ्या निवृत्तीच्या दिवसापर्यंत. भाडं साडेदहा हजार. त्यातून सोसायटीचे बाराशे गेले. ‘घर स्वतःचा हप्ता स्वतः भरतं’ हे साडूंचं म्हणणं खोटं नव्हतं; फक्त ते निम्म्यापेक्षा कमी भरत होतं. बाकी बारा हजार मी भरत होतो. आयकरात भाड्यातून तीस टक्के वजावट मिळते, व्याज वजा होतं, आणि जुन्या पद्धतीने विवरण भरलं तर वर्षाला दोन लाखांपर्यंतचा तोटा पगारातून वजा करता येतो. नव्या पद्धतीत तोही येत नाही. मी ऑफिसात सगळ्यांना सांगत सुटलो, “माझा कर वाचला!” आमचे हेडकॅशियर शांतपणे म्हणाले, “अहो, कर वाचायला आधी तोटा व्हावा लागतो. आणि वाचलेला कर तोट्यापेक्षा कधी मोठा नसतो.” त्यांचं शिक्षण मॅट्रिक.

त्यात ते घर एकशेदहा किलोमीटरवर. आपल्या घरातला नळ गळला तर आपण वॉशर बदलतो. परराज्यातला नळ गळला तर आधी पेट्रोल भरावं लागतं. पहिला भाडेकरू वर्षाने गेला आणि घर तीन महिने रिकामं राहिलं. हिशेबाच्या व्हाउचरवर मी वर्षाचे बारा महिने भाडं धरलं होतं. हप्त्याला मात्र रिकामा महिना नसतो.

आणि मग रेपो जागा झाला. मे २०२२ मध्ये तो उठून बसला आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत चारवरून साडेसहावर जाऊन पोचला. माझे सात टक्के साडेनऊ झाले. हप्ता मात्र तेवढाच कापला जात होता. मी खूश होतो. बँकेत असूनही खूश होतो, याची आता लाज वाटते. एका रविवारी सहज हिशेब केला. एकवीस हजार दोनशेच्या हप्त्यातले साडेएकोणीस हजार नुसत्या व्याजात जात होते. मुद्दल फिटत होतं सतराशे रुपये. सोळा वर्षं उरली होती, ती वाढून सत्तावीस झाली होती. शेवटचा हप्ता भरताना मी एकाहत्तर वर्षांचा असणार होतो. अकराव्या पानावरचं कलम ते हेच!

मुदत निवृत्तीच्या आत बसवायची तर हप्ता पंचवीस हजारांवर न्यायला हवा होता. म्हटलं, भाडं वाढवू. तेरा हजार करू. बेळगावची गाडी पकडली. वाटेत संकेश्वरपर्यंत भाषण पाठ केलं : महागाई, रेपो, रिझर्व्ह बँक, सगळं.

नवे भाडेकरू गदगकडचे. नवरा एका इस्पितळात तंत्रज्ञ, बायको घरी शिकवण्या घेते, मुलगी सहा वर्षांची. मी गेलो तर आधी “ऊटा आयता?” झालं. माझं सगळं कन्नड एका वाक्यात खर्ची पडलं. जेवायला बसवलं. ज्वारीची भाकरी, एणगाई, शेंगदाण्याची चटणी. जेवता जेवता स्वयंपाकघराच्या चौकटीकडे लक्ष गेलं. पेन्सिलीच्या बारीक रेघा होत्या, एकावर एक. मी घाबरलो; मला वाटलं, इथेही सह्या करायच्या. पण त्या मुलीच्या उंचीच्या खुणा होत्या. वर्षभरात तीन बोटं वाढली होती.

मी भाषण सुरू केलं. रेपो दर कसा वाढला ते हिंदीत समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मोडक्या मराठीत म्हणाले, “सर, ते बरोबर हाय. पण बाजूच्या घराचं भाडं दहा हजारच हाय.”

वीस वर्षांच्या नोकरीत आणि तीन वर्षांच्या बी.कॉम.मध्ये मला जे कळलं नव्हतं, ते या माणसाने चटणी वाढता वाढता सांगितलं. भाडं ठरवते गल्ली. हप्ता ठरवते मुंबईची रिझर्व्ह बँक. या दोघींची एकमेकींशी ओळखदेख नाही. दोघींच्या मधे उभा असतो तो मी. माझ्या कर्जाचा दर वाढला म्हणून त्या गृहस्थाचा पगार वाढला नव्हता, आणि त्याची मुलगी काही रेपोवर वाढत नव्हती.

“पाचशे वाढवा,” मी म्हणालो. त्यांनी वाढवले. निघताना बाईंनी चटणीची पुडी बांधून दिली.

आता उरला एकच मार्ग, कर्ज दुसऱ्या बँकेत हलवणं. एका बँकेने आठ पूर्णांक सहा दशांश टक्के देऊ केले. घराच्या तरत्या दराचं कर्ज मुदतीआधी फेडलं तर दंड लावता येत नाही. रिझर्व्ह बँकेने २०१२ सालीच तो बंद केलाय. पण नव्या बँकेची फी, पुन्हा वकील, पुन्हा मूल्यांकनकार, पुन्हा मुद्रांक, असे तीस हजार तरी जाणार. महिन्याला वाचणार दीड हजार. म्हणजे पहिले वीस महिने नुसता खर्च भरून काढण्यात, फायदा त्यानंतर. मुदत सोळा वर्षांची असेल तर हे परवडतं. दोन-तीन वर्षांत घर विकायचं असेल तर दर कमी होऊनही माणूस नुकसानीतच जातो.

मला परवडत होतं. पण जाणार कसा? बँकेतल्या माणसाने कर्ज दुसऱ्या बँकेत न्यायचं म्हणजे खानावळवाल्याने स्वतःचा डबा शेजारच्या खानावळीतून आणवण्यासारखं! तरी धीर करून नव्या बँकेचं मंजुरीपत्र खिशात घातलं आणि बेळगाव शाखेत जाऊन साहेबांपुढे ठेवलं. साहेबांनी ते वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, “अहो, आधी नाही का सांगायचं?”

थोडी फी भरून घेऊन पंधरा मिनिटांत माझा दर जवळजवळ तितकाच खाली आला. हप्ता साडेतेवीस हजारांच्या आसपास बसला, मुदत पुन्हा साठीच्या आत.

मी बाहेर बाकावर जाऊन बसलो. “दर वरून येतो हो, आमच्या हातात काय आहे?” असं मी आजवर किती लोकांना सांगितलं असेल! वरून येतो तो रेपो. त्यावर बँक जी भर घालते ती काही वरून येत नाही, ती टेबलावरच असते. नव्या गिऱ्हाइकाला ती कमी लागते, जुन्याला जुनीच राहते, आणि जो विचारतो त्याची कमी होते. आमच्या काउंटरवर कोणी विचारत नसे, कारण विचारणाऱ्याकडे मी कसा बघायचो ते वर सांगितलंच आहे.

त्याच संध्याकाळी साडू उत्साहाने म्हणाले, “बेस झालं! आता या घरावर टॉप-अप कर्ज काढायचं आणि धारवाडला दुसरा फ्लॅट बुक करायचा. सगळे असंच करतात.”

मी हिच्याकडे बघितलं. ही म्हणाली, “पाटल्या संपल्या.”

विषय संपला.

पाटल्या सुटल्या २०२४ साली. सहा महिने म्हटलं होतं, तीन वर्षं लागली. सोडवून आणल्या त्या रात्री मी फुशारकीने म्हणालो, “बघ, फ्लॅटही राहिला आणि पाटल्याही आल्या.” ही काही बोलली नाही. पुढे २०२५ साली सोन्याने तोळ्याला लाखाचा आकडा ओलांडला. आम्ही गहाण टाकलं तेव्हा ते पन्नास हजारांच्या आत होतं. त्या दिवशी पेपर माझ्यापुढे ठेवून ही म्हणाली, “म्हणजे दामदुपटीच्या वर गेलं. नळ नाही, भाडेकरू नाही, बेळगावच्या खेपा नाहीत. आणि तेही तुमच्याच बँकेच्या तिजोरीत झोपून.” एवढ्या व्यवहारात ज्याने खरं कमावलं ते ज्याच्यावर मी कर्ज काढलं तेच होतं, हे कळायला बी.कॉम. व्हावं लागत नाही.

२०२५ साली रेपो पुन्हा खाली यायला लागला. डिसेंबरात सव्वापाचवर आला. मी हप्ता कमी करून घेतला नाही, तेवढाच भरतो. त्यामुळे वर्षं कमी होतात. दर कमी झाला की आपसूक मिळालेल्या पैशाला घरात वाटा फुटायच्या आत तो कर्जात घालावा, एवढं एक शहाणपण मी या व्यवहारात कमावलं. भाडं सध्या साडेअकरा हजार आहे. चौकटीवरच्या रेघा बऱ्याच वर गेल्यात. रंगकाम काढलं तेव्हा रंगाऱ्याला सांगितलं, ती चौकट तेवढी सोड.

आता मी पुन्हा कर्जखात्यात आहे. मात्र हल्ली फुल्या मारत नाही. कागद माणसाकडे फिरवतो, अकरावं पान काढतो आणि मराठीत समजावून सांगतो : दर वाढला तर हप्ता वाढेल किंवा वर्षं वाढतील, आणि वर्षं वाढली तर ती सहज लक्षात येत नाहीत, म्हणून दर वर्षी येऊन विचारा. रांग कुरकुरते. साहेब काचेतून बघतात.

परवा एसटीतले एक कंडक्टर आले होते. त्यांना मी सगळं वाचून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं, माझ्याकडे एकटक पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, “साहेब, खरं सांगा. काय भानगड हाय का ह्यात? न्हाई, आजपातूर कुणी वाचून दाखवलं न्हाई, म्हणून विचारतोय.”

आणि ते उठून शेजारच्या काउंटरवर गेले. तिथे नुसती सही घेतात. पाच मिनिटांनी परत आले, टोपी मांडीवर ठेवून बसले आणि म्हणाले, “ते अकराव्या पानावरचं पुन्यांदा सांगा की.”